आतून कडी

दोंडाईच्यात मिरची वाळत घातली की
अख्खं गाव एकमेकांना शिंकून ओळख देतं.
त्याच दिवसांत आम्ही दोघी जावांनी
सुरतेला जायचं ठरवलं.
दोन रात्री, मधला एक दिवस, साड्यांचं मार्केट.
फॉल-पिकोच्या मशीनवर साठलेले माझे अकरा हजार
आणि कोकिळाच्या डब्यातले,
किती, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

"उधनामा निंबाआप्पा शे ना," सासूबाई म्हणाल्या,
"लॉजले पैसा कसाले?"

आप्पांकडे फुकट.
फुकटचा हिशोब मी रात्री वहीत मांडून पाहिला:
दोन किलो मिरची, शेवयांचा डबा,
पोरांच्या हातावर शंभर शंभर,
सकाळी त्यांच्या घरच्या तीसेक पोळ्या,
मार्केटला निघेस्तोवर अकरा,
आणि पुढची दहा वर्षं, लग्न कुणाचंही असो,
"आमच्याकडेच उतरल्या होत्या ना" हे वाक्य.
पान संपलं. बेरीज राहिली.

लोकेशने फोनवर खोल्या दाखवल्या.
प्रत्येक खोलीत पांढऱ्या चादरीवर
टॉवेलचे दोन हंस, मानेला मान लावून.
कोकिळा म्हणाली, हे सोडवायचे कोणी
आणि अंग कशाने पुसायचं?
बाराशेची खोली तिने अंगठ्याने वर सारली
जशी भाजीवाल्याची पहिली किंमत सारते.
नऊशे. सातशे.
चारशेवालीला खिडकी होती,
खिडकीतून भिंत दिसत होती,
भिंतीला निळा रंग मात्र चांगला दिलेला.

फोन मी केला.
हिंदी आधी मनात कच्ची टाचून घेतली, मग बोलले.
चारशेवाल्याने विचारलं, साथ में जेंट्स कौन है?
म्हटलं, कोणी नाही.
मग खोलीही नाही, म्हणाला.
फोटोत तर होती, निळ्या भिंतीसकट.

धर्मशाळेवाल्याकडे जागा होती.
त्याने आडनाव विचारलं. सांगितलं.
मग गाव. मग आडनावाच्या पाठीमागचं काहीतरी.
मग म्हणाला, कळवतो.
तो अजून कळवतोय.

तिसरीकडे बाईने उचलला. मागे कुकरची शिट्टी.
साडेपाचशे. गरम पाणी सात ते नऊ.
स्टेशनवरून चालत या, रिक्षात बसलात
तर तो तुम्हाला आधी सुरत दाखवेल.
माझी यादी हातात होती,
संडास आत की बाहेर, ढेकूण, पंखा, पावती,
आणि तोंडातून निघालं एवढंच:
आतून कडी लागते ना?

ती थांबली जराशी.
आहे म्हणाली, वर एक, खाली एक.
वरची घट्ट बसते, दार खांद्याने दाबावं लागेल.

त्या खांद्यावर माझा विश्वास बसला.
खोटं बोलणारं माणूस
कडी घट्ट आहे असं कशाला सांगेल?

आमच्या घरात आतून कडी फक्त न्हाणीला.
तीही लोकेशच्या बापाने बाहेरून दोनदा थापटलं
की आपोआप पडते.

दोनशे रुपये आगाऊ लोकेशने पाठवले,
माझ्याकडून दोनशे दहा घेतले.
सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.
तिसऱ्या संध्याकाळी दशम्यांचं पीठ मळताना
परातीकडेच बघत म्हणाल्या,
"खोलीमा खाटा कितल्या शेतस?"
दोन, मी म्हटलं.
पीठ त्यांनी उगीचच आणखी एकदा मळलं.
"दोन खाटास्वर तीन जनी मावतीन का?"

कोकिळाने माझ्याकडे पाहिलं,
मी कोकिळाकडे.
त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना साडी घ्यायची होती, का सुरत बघायची होती,
का ती वरची घट्ट कडी एकदा स्वतःच्या हाताने लावायची होती,
आम्ही विचारलं नाही.

मी परत फोन लावला.
जास्तीची गादी शंभर रुपये.
हिंदी या वेळी टाचावी लागली नाही.