दोनशे एकोणचाळीस

अंबड एमआयडीसीत, गेटच्या डाव्या अंगाला
सहा बाय आठची टाइम ऑफिसची खोली.
तिथं मी एकोणीस वर्षं माणसं मोजली.
माणसं म्हणजे दिवस.
दिवस म्हणजे 'ह', हजरचा ह,
निळ्या शाईतला, चौकोनाबाहेर न जाणारा.

दोनशे तीस झाले की पेन्सिलीचं बारीक टिंब.
दोनशे पस्तीसला ठेकेदाराला फोन.
दोनशे एकोणचाळीसला, सुट्टीचा भोंगा झाल्यावर,
खिडकीतून कार्ड परत घ्यायचं
आणि वर न बघता म्हणायचं,
"ब्रेक. महिनाभरानं ये."

दोनशे चाळिसाव्या दिवशी माणूस कायद्याला दिसू लागतो.
आदल्या दिवसापर्यंत तो नुसते हातमोजे असतो,
तेही स्टोअरला जमा करायचे.

कोणी भांडत नसे.
मनोहर भोये एवढंच विचारी,
"दिवाळीच्या आधी बोलावतील का नंतर?"
गांगुर्डे जाता जाता डबा धुवून घेई,
कंपनीच्या नळाला पाणी बरं येतं म्हणून.

आणि यमुना गावित, पेठकडची, कॉइल वाइंडिंगला.
सात वर्षांत सात कार्डं, सात नंबर,
दर खेपेला नव्या फॉर्मवर
अनुभवाच्या रकान्यात 'नाही'.
तिची बोटं तांब्याची तार न बघता मोजायची,
एकशे ऐंशी वेढे,
इन्स्पेक्शनवाले मशीन लावून बघत
आणि मुकाट पुढे सरकत.
एकदा म्हणाली,
"भाऊ, आपलं काम एकच की.
मी वेढे मोजते, तुम्ही आम्हाला."
मी हसलो. हसायला काय लागतं.

त्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीसचा होता.
पुढं स्पष्टीकरणात मी तेच लिहिलं,
लीप वर्ष, महिन्याच्या बेरजेत एक दिवस सुटला,
नजरचूक, क्षमस्व.

नोव्हेंबर लागून पंधरवडा झाला होता.
पाथर्डी फाट्याकडून पायी येणाऱ्या बायकांनी
कान बांधायला सुरुवात केली होती.
तिनं कार्ड खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.
"कालच घ्यायचं राहिलं ना, भाऊ?"

तिनंही मोजलं होतं तर.

चहावर साय धरली होती. मी ती बोटानं काढली,
कपाच्या काठाला पुसली.
म्हणालो, "जा आत. बेल झाली."
आणि चौकोनात लिहिलं, ह.
जरा मोठाच पडला. रेघेला लागला.

दोनशे बेचाळिसाव्या दिवशी तिला गेटवरच अडवलं.
नोटीस नाही, हिशेब नाही,
पर्समधला रुमाल तेवढा झटकून दाखवायला लावला.

मग अंगठ्याचं मशीन आलं.
ते स्वतः मोजतं, चहा पीत नाही,
दर अंगठ्याला बाईच्या आवाजात थँक यू म्हणतं,
आणि दोनशे चाळिसाव्या सकाळी दार उघडत नाही.
माझ्या खोलीत आता पाण्याचे जार ठेवतात.
मला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि सही करायला स्वेच्छानिवृत्तीचा कागद.
स्वेच्छा साहेबांची होती, निवृत्ती माझी.

परवा कामगार न्यायालयात साक्ष झाली.
चार तारखा हुकल्यावर पाचवीला.
कंपनीच्या वकिलांनी मस्टरची झेरॉक्स पुढं केली,
"हे अक्षर तुमचं?"
"माझं."
"रेघेबाहेर गेलंय."
"हो."
"नंतर घातलेलं दिसतं."
"नाही साहेब. त्याच दिवशी. बाकीची बघा,
बाकीची सगळी नीट आहेत."

यमुना मागच्या बाकावर होती.
मांडीवर पिशवी, बोटं पिशवीच्या बंदाला
वेढे देत होती, सोडवत होती.
पुढची तारीख जूनची पडली.

जिन्यात भोये भेटला.
हल्ली गंगापूर रोडला वॉचमन आहे, रात्रपाळी,
झोपेतून उठून तसाच आला होता, शर्टाची बटणं वरखाली.
म्हणाला, "ऐकलं सगळं.
ते जुनं मस्टर आहे अजून?
माझे किती भरले होते हो, तेव्हा?"

खाली सीबीएसकडे जाणाऱ्या रिक्षा ओरडत होत्या, एक सीट, एक सीट.
मी चष्मा काढला,
पुसायला काही नव्हतं,
तरी पुसत राहिलो.