भगदाडाचं इतिवृत्त

इमिंगहॅमच्या धक्क्यावर रात्रपाळीला
विल्फ स्टब्ज असतो, आणि त्याची म्हातारी कुत्री, डॉट.
फेब्रुवारीत त्यानं नोंदवहीत पेन्सिलीनं लिहिलं:
सात नंबरच्या खांबाजवळ कुंपणाला भगदाड.
डॉट न वाकता आत-बाहेर करते.

मी बंदराच्या सुरक्षा कचेरीत टाइप करते.
उरणहून आले त्याला चोवीस वर्षं झाली.
इथले सगळे शब्द
वर जाताना माझ्या बोटांखालून जातात.

पहिल्या मजल्यावर भगदाडाची फट झाली
(साहेबांची बढती एप्रिलात होती).
दुसऱ्यावर फटीची त्रुटी झाली,
कारण फट म्हटलं की कुणीतरी पक्कड घेऊन जायला हवं,
त्रुटीला अहवाल पुरतो.
लंडनला पोचेस्तोवर ती नुसती बाब उरली,
एकोणिसाव्या पानावर, हिरव्या चौकटीत.
हिरवं म्हणजे ठीक.

खोटं कुणीच बोललं नाही, एवढं लक्षात ठेवा.
प्रत्येकानं फक्त एकेक टोक घासलं,
वरच्याच्या हाताला लागू नये म्हणून.
घासायला मीही होते.

नोव्हेंबरात कुणीतरी आलं.
धुकं इतकं की हंबर दिसेना.
एक केबल कापली गेली, आणि अकरा तास
बंदर आंधळं.
बाहेर सव्वीस जहाजं दिवे लावून ताटकळत,
लग्नघर न सापडलेल्या वरातीसारखी.

मग गाड्या भरभरून माणसं आली.
नवे कॅमेरे लागले, सगळे दाराकडे तोंड करून.
कडू हे माझं आडनाव तीनदा वाचलं गेलं,
डबा उघडून सुकटीची चटणी हुंगली गेली.
विल्फला विचारलं, पेन्सिलीनं का लिहिलंस?
तो म्हणाला, पावसात शाई पळते.

आमच्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खातं.
इथं कुंपण बिचारं
आपली जखम उघडी टाकून नऊ महिने उभं होतं.
शेतच मान फिरवून बसलेलं.

त्या माणसांत एक होती रोवेना पास्क, तिशीची,
सर्दीनं नाक लाल झालेली.
तिनं विचारलं, मूळ वाक्य कुठाय?
खोलीत कुणाकडेच नव्हतं.
मी नोंदवही आणली.
तिनं बूट मागितले. माझे दिले,
तिला एक माप लहान.
परतली तेव्हा गुडघ्यांना चिखल:
भगदाडातून ती रांगत जाऊन आली होती.

तिनं अहवालात एक कलम हट्टानं ठेवलं.
पाहणाऱ्याचं वाक्य त्याच्याच अक्षरात वर जावं,
आणि सही करणाऱ्यानं आधी तिथवर चालत जावं.
कलम मंजूर झालं का, ठाऊक नाही.
त्याची फाइल आहे, एवढं कळतं.
बूट मात्र तिनं पुसून परत पाठवले.

सात नंबरला आता नवी तार आहे.
काल विल्फनं लिहिलं: अकरा नंबरचा खांब हलतो.
पहिल्या मजल्यावरून फोन आला,
"हलतो"च्या आधी "किंचित" टाका.

मी टाइप केलंच नाही.
पान तसंच यंत्रावर पालथं घातलं
आणि थेट वर पाठवलं.
कोपऱ्यात डॉटच्या पंजाचा चिखल होता.
तोही जाऊ दिला.