शंकरपाळीतली अक्षरं

आधी काटा पालथा करायचा.
फ्रेंच माणसं टेबलावर काटे पालथेच मांडत,
म्हणून घराण्याचं कोरीवकाम पाठीवर.
इंग्लिश काटा आढ्याकडे बघत झोपतो,
हा पोटावर.

मग भिंग. दहापटीचं पुरतं.
आणि श्वास आवरून; चांदी लगेच वाफ धरते.

लुईस, ससेक्स. नोव्हेंबरातला मंगळवार.
उतारावरच्या गल्लीत परवाच्या मशालींच्या
राकेलचा वास अजून रेंगाळलेला.
मिसेस एकहर्स्ट, वय ब्याऐंशी,
टॉवेलात गुंडाळलेले बारा काटे
काउंटरवर सोडतात आणि म्हणतात,
"सासूबाईंनी दिएपहून आणलेले, बोटीनं.
खरे आहेत का, एवढंच सांग."

खरे.
आमच्या हुपरीत असं कोणी विचारत नाही,
विचारतात, टंच किती?
वडील पैंजणांच्या कड्या जोडायचे.
आयुष्यभरात किती जोडल्या असतील,
पण एकाही घोट्यावर त्यांचं नाव नाही.

इथे प्रत्येक दांडीवर तीन-तीन साक्षीदार.
शिरस्त्राण घातलेली एक बाई, मिनर्व्हा,
तांदळाच्या कणीएवढी,
कपाळासमोर एकचा आकडा:
म्हणजे हजारात नऊशे पन्नास, उत्तम टंच.
तिच्या नेमक्या पाठीमागे, दुसऱ्या बाजूला,
ऐरणीवर कोरलेले किडे उमटलेले.
ठोका वरून बसतो, किडा खालून चावतो,
खोट्या शिक्केवाल्याला दोन्ही जमायला हवं.
आणि थोडं बाजूला, शंकरपाळीच्या आकारात,
कारागिराची अक्षरं.

ही अक्षरं मी दिव्याखाली तिरकी धरते.
दीडशे वर्षं घासून घासून
निम्मी पुसली गेलीत.
आधी एक व्ही, मग बारीक व्ही आणि ई:
व्हव्. विधवा.
मग आडनावाचं एक अक्षर,
आणि मधे एक मधमाशी.
मधमाशी नवऱ्याची असणार.
तो गेल्यावर हिनं अक्षरं बदलली,
माशी तशीच ठेवली, भट्टी चालू ठेवली.
मला हे सांगावंसं वाटतं, पण मिसेस एकहर्स्ट
हीटरकडे बघतायत.

एक, दोन, पाच, नऊ, अकरा.
अकरांवर शंकरपाळी.
बाराव्यावर चौकोन.

चौकोन म्हणजे मुलामा. फ्रेंच कायद्यात
एवढा सरळपणा आहे:
चांदीला शंकरपाळी, मुलाम्याला चौकोन,
कोणी कोणाच्या घरात शिरायचं नाही.
शिवाय दात झिजून आतलं पितळ
पिवळं डोकावतंय.

मी घसा खाकरते. असं सांगायचं कसं,
हे कुठल्याच पुस्तकात नाही.

"बारावा ना?" त्याच म्हणतात.
"मीच विकला. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात.
कारखाने आठवड्यात तीन दिवस चालायचे,
लेनर्डचा पगारही तेवढाच.
गॅसचं बिल होतं. ब्राइटनला एका दुकानात
दिसायला तसाच मिळाला, दीड पौंडाला.
त्याला कधी कळलं नाही.
कळलं नसेल ना?"

मी पुन्हा भिंग लावते,
उत्तर द्यायला वेळ हवा असला की लावते तसं.
अकरा काट्यांचे दात जवळपास कोरे,
पाहुणे येतील तेव्हाच बाहेर निघालेले.
हा एकच झिजलेला,
डावीकडचा दात जास्त,
रोज एकाच हातानं, एकाच बाजूनं
बशीच्या कडेला टेकवल्यासारखा.

"ते कुठला काटा घ्यायचे?"

"लेनर्ड? काय की. खणातून हाताला येईल तो.
नाही, थांब."
मिसेस एकहर्स्ट थांबतात.
बाहेर कोणाची तरी सायकल उतारावरून
ब्रेक दाबत, किंचाळत जाते.

अकरा काटे तराजूवर ठेवले,
वजन लिहिलं, पहिला टंच लिहिला,
कारागीर: विधवा, मधमाशी, नाव शोधायचंय.
बारावा मी टॉवेलासकट परत सरकवला.
त्यांनी टॉवेल नको म्हटलं,
काटा तसाच पर्समध्ये घातला,
बसच्या पासाशेजारी, दात वर करून.