वैशाखाला १५.६

वादी कबीर. दुपारचे दोन.
शटर अर्धं ओढलंय, ऊन गुडघ्यापर्यंतच आत येतं.
खलफान बिन हमूदची लँडरोव्हर आली आहे,
बासष्ट सालची, त्याच्या बापाची.
तक्रार एकच: दिवे फार चांगले लागतात.

मी हसलो नाही.
दिवे फार चांगले लागले की काहीतरी बिघडलेलं असतं.
बॅटरीची बुचं उघडली. पाणी तळाला,
ट्रेच्या कडेने पांढरं फुललेलं, मिठागरासारखं.
डायनामो देत सुटलाय
आणि पुरे म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

पुरे म्हणायचं काम त्या काळ्या डबीचं.
आत दोन गुंडाळ्या. एक सांगते, बास कर.
दुसरी, इंजिन थांबलं की दार लावून घेते,
नाहीतर दिवसभर कमावलेलं
रात्री उलट्या पावली निघून जातं.
माझ्या बँकेच्या खात्याला अशी गुंडाळी नाही.

सजीव म्हणतो, चेट्टा, काढून टाक हे सगळं,
अल्टरनेटर बसव, अर्ध्या दिवसात गाडी बाहेर.
खोटं नाही म्हणत तो.
पण हिचं अर्थिंग प्लसचं,
सगळंच उलटं करावं लागेल, कॉइलपासून मीटरच्या काट्यापर्यंत,
आणि म्हातारा रोज बॉनेट उघडून बघतो.

नवी डबीही मिळते, हुबेहूब, वर नाव तेच.
मागच्या वर्षी दोन बसवल्या.
एक सलालाहून परत आली,
दुसरी गाडीसकट, टोवरून.
पॉइंट चांदीचे नव्हेत, चांदीच्या रंगाचे.

उरतो तिसरा रस्ता:
डबी जुनीच ठेवायची, आतलं काढायचं,
आणि आगपेटीएवढं इलेक्ट्रॉनिक बसवायचं.
तेही प्लस अर्थिंगचंच, मागवताना तीनदा विचारून.
चुकीचं आलं तर एक टिचकी, थोडा धूर,
अठरा रियाल गेले.

झाकण काढलं.
आतल्या बाजूला टोच्याने कोरलेलं होतं,
देवनागरीत:

वैशाखाला १५.६
पौषाला १६

मी ते शटरच्या उजेडात धरलं.
बरोबर आहे. उन्हाळ्यात कमी, थंडीत जरा जास्त.
पुस्तकात हाच तक्ता सेल्सियसमध्ये असतो.
मस्कतमध्ये वैशाख कधी लागतो
हे कुणाला विचारून ठरवलं असेल त्याने?
सहाची शेपटी लांब,
कुणीतरी छडी मारून शिकवलेलं वळण.

खलफानला विचारलं.
होता एक, म्हणाला, मत्रात, बंदराजवळ.
आम्ही त्याला कहरबा म्हणायचो. वीज.
नाव?
त्याने हात हलवला, माशी उडवल्यासारखा.
मग थोड्या वेळाने, आपणहून:
ऊन वाढलं की तो वडिलांना बोलावून घ्यायचा,
स्क्रू पाव वळसा फिरवायचा.
पैसे घ्यायचा नाही. हलवा घ्यायचा.

या नव्याला स्क्रूच नाही.
वैशाख-पौष त्याचं तोच ओळखतो.
बसवलं. वायरी होत्या तशाच:
ए, ए-वन, एफ, डी, ई.
मग एफला क्षणभर तार टेकवली. ठिणगी.
डायनामोला नव्याने एकदा सांगावं लागतं
उत्तर कुठली, दक्षिण कुठली.
पुढे लोखंड लक्षात ठेवतं, बंद असतानाही.

इंजिन चालू. लाल दिवा मंदावला, विझला.
मीटरवर चौदा पॉइंट एक.
पुढचे दिवे पिवळट, हवे तसे.
कमी झाले, खलफान म्हणाला.
हो म्हटलं. कमीच बरे.

सजीवने झाकण पुसायला घेतलं,
हातात पेट्रोलचं फडकं.
बाहेरून, म्हटलं.
फक्त बाहेरून पूस.