अर्ज : दिवा काढण्याबाबत

सव्वीस वर्षं झाली, खांबावर चढतो आहे.
दिवा लावा, असे अर्ज किती आले, मोजले नाहीत.
दिवा काढा, असा हा पहिलाच.
नातवाच्या वहीचं पान, रेघेखाली घसरलेलं अक्षर,
खाली अंगठा : पारबता सीताराम तितिरमारे,
कोसमटोला, शेवटचं घर.

कारणाच्या जागी एकच ओळ :
सांदवाडीत जुगनू येत नाही.

ऑफिसात सगळे हसले.
साहेब म्हणाले, बंद दिव्याची तक्रार घेतो आपण,
चालू दिव्याचा रकानाच नाही रजिस्टरात.

तो खांब मीच उभा केला होता,
हटवारांच्या पोराला मण्यार डसला त्या साली,
मोरीच्या दगडाजवळ, लघवीला उठला होता.
ग्रामसभेत कोणी बोललं नाही, नुसते हात वर झाले.
पंचेचाळीस वॅटचा एलईडी, पांढरा फक,
असा की दोडक्याच्या मांडवाखाली
पानामागची अळी दिसावी.
खाली उतरलो तेव्हा बायांनी मला गूळ-पाणी दिलं.

म्हातारी बाजेवर बसली होती.
"बस गा, लाइनमन."
मग बोट दाखवत गेली,
विकलेल्या वावराची शीव दाखवावी तशी :
तिथं भेंडीच्या ओळीत, तिथं शेणखड्ड्यावर,
आणि तिथं, आता गट्टू बसवले आहेत तिथं, चिखल होता,
चिखलात गोगलगायी, त्यांच्यावर जुगनूची पिल्लं.
"शेपटात दिवा घेऊन सरपटत गा थे.
मले वाटे, कोनाची पोत तुटून मणी सांडले."

बोडी बुजवली, त्याबद्दल ती बोलली नाही.
बांधावर तणनाशक मारतात, त्याबद्दलही नाही;
मारणारा तिचाच लेक.
फक्त वर दिव्याकडे पाहून म्हणाली,
"याच्या उजेडात त्याइले एकमेकाचा इशारा दिसत नाही.
टीव्ही चालू असला का तुले बायकोची हाक आयकू येते का?"

येत नाही.

दिवा मी काढला नाही.
हटवारांचं घर तिथून तीस पावलं.
तेलाच्या पिप्याचा पत्रा कापला,
वाकवला, टोपीसारखा बसवला :
उजेड रस्त्याला, पाठ सांदवाडीला.
रजिस्टरात लिहिलं, किरकोळ दुरुस्ती.

पहिल्या रात्री काही नाही.
तिसऱ्या रात्री फीडरच गेला,
अख्खं कोसमटोला काळं,
तरी काही नाही.
मग रोवणी आली, झाडं तारांवर पडली,
मी विसरलो.
आर्द्रा सरून पुनर्वसू लागता लागता
नातवाचा फोन : आजी या म्हणते, आत्ता.

एक होता.
वईच्या काडीवर, गुडघाभर उंचीला.
हिरवट.
लागे, विझे, थांबे,
आणि थांबे तेव्हा असं वाटे
की दार ठोठावून कोणी बाजूला उभं आहे.
आम्ही तिघं खोकलाही दाबून.
भेंडीतून उत्तर आलं नाही.
शेणखड्ड्यावरून नाही.
गट्टूंवर तर चपला वाळत होत्या.

आमच्या धंद्यात एका तारेवर दिवा लागत नाही.
फेज येते, परतीला न्यूट्रल लागतंच.
हा मात्र एकट्या फेजवर
किती वेळ लागत राहिला,
मी घड्याळ पाहिलं नाही.
खिशातला टेस्टर उगाच चाचपला,
त्याच्याही पोटात एवढासाच दिवा असतो.

नातू दहा वर्षांचा. त्याने पहिल्यांदाच पाहिला.
बराच वेळ पाहून हळूच म्हणाला,
"आजी, हा खराब झाला का?
चालू-बंद, चालू-बंद करून राह्यला."

म्हातारीनं काही सांगितलं नाही.
माझ्याकडे पाहिलं.
दुरुस्तीचं काम माझ्याकडे असतं.