चार ओळींची जागा

नेगोंबोच्या खाजणाकाठी शिकवणी.
प्रश्न दुसरा, भाग आ :
तिवराची मुळं चिखलातून वर का येतात? गुण चार.
सेनुरीनं लिहिलं : श्वासासाठी.
विक्रमरत्न सरांनी एक गुण दिला,
समासात लाल शाईनं विचारलं : मग?

ती धुमसतच घरी आली. बाप जाळं सांधत होता.
"बरोबरच होतं, तात्ता! चिखलात हवा नसते."
"मग?"
"मुळांना तर हवी."
"मग?" सुतळी दातात धरून.
"म्हणून ती वर डोकं काढतात, बारीक छिद्रांनी
हवा आत ओढतात, खाली पोचवतात..."
थांबली.
बापानं प्रश्नपत्रिका पाहिलीही नव्हती.

रात्री तिनं छापील चार ओळी भरल्या.
'म्हणून' ऐन मधोमध बसलं,
जाळ्यातल्या गाठीसारखं.
पाचव्या ओळीवर थोडं सांडलं.
राहू दे.