आठेच शे

मशीन सुरू केलं की ते आधी मला माझंच घर दाखवतं:
दस्तऐवज, डाउनलोड, चित्रे, संगीत.
संगीत कोणी मागितलं होतं?
पारोळ्याच्या या बोळात, टिनाखाली, मे महिन्यात
पंख्याचा एक सूर आहे, तो पुरे.
व्हिडिओचाही एक खण देऊन ठेवलाय, कायमचा रिकामा,
काढून टाकला तर दुसऱ्या दिवशी परत हजर,
उधारी मागायला आलेल्या कागदवाल्यासारखा, खुर्ची ओढून.

मी लग्नपत्रिका करते, गंधमुक्तीच्या पत्रिका करते,
चिवड्याच्या पाकिटांची लेबलं, सोसायटीची पावतीबुकं.
माझ्या लेखी जगाचे एवढेच भाग.
त्याच्या लेखी: जेपेग, आणि जेपेग नसलेलं.

भिवसन अप्पा कोपऱ्यात असतो. आता बाइंडिंग करतो.
खिळे जुळवायचा तेव्हा केसकडे बघायचा नाही,
गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हात जाऊन यायचा.
तोंडाने पारोळ्याला पारोया म्हणणारा माणूस,
पण ळ लागला की हात ळच्याच खणात.
खण हलत नव्हते, एवढंच.
रात्रीतून कोणी येऊन
क ला 'अलीकडचे'मध्ये टाकत नव्हतं,
ह ला ढगात नेत नव्हतं.

माझे कागद ढगात जातात.
मी पाठवत नाही. ते नेतं.
नेट गेलं की नावापुढे एक निळा ढग, आत काही नाही.
आमच्याकडच्या ढगांसारखंच, दिसतो तेवढा.

सोमवारी झुलाल नानांचा धाकटा आला.
"ताई, बाबाना फोटू शे ना तुमनाजोडे?
मनी बहीणना लगनमा टाकेल व्हता तो."
परवा गंधमुक्ती. छापायचं आजच.

शे, म्हटलं. आणि शोधायला बसले.

झुलाल लिहिलं. काही नाही.
बरोबर आहे, पत्रिका जुन्या फॉन्टात;
पडद्यावर मला झुलाल दिसतो, मशीनला आतून दिसतात
कंस, टक्के, डॉलर आणि एक सुटा स्वल्पविराम.
इंग्रजीत लिहिलं, तीन स्पेलिंगांनी.
त्याने विचारलं, झुला म्हणायचंय का? इंटरनेटवर बघू?
तारखेने लावलं, तर अख्ख्या तालुक्याची लग्नं एकाच दिवशी:
नवं मशीन आलं आणि मालकाच्या भाच्याने
सगळं त्यात ओतलं, तो दिवस.
नवीन फोल्डर. नवीन फोल्डर दोन. नवीन फोल्डर दोनची प्रत.
फायनल. खरं फायनल. खरं फायनल नाना दुरुस्ती,
उघडलं तर आत चिवडा.
पोरगा उभाच. स्टूल दिलं, बसेना.

अप्पा उठला. भिंतीवरच्या तारेला
तीन वर्षांची प्रुफं टोचलेली.
"गारा पडन्यात त्या सालनं ना रे तुनी बहीणनं लगीन?"
आणि मांड्याचा पदर सोडवावा तसा
एक कागद सोडवला.
झुलाल नाना. फेटा, अर्धं हसू,
आणि तारेचं भोक, नशिबाने फेट्याच्या वर.

स्कॅन केलं. ठिपके आले, येऊ देत.
जतन करताना ते आपणहून एक जागा पुढे करतं,
चित्रांच्या आत आणखी कुठली चित्रं,
जिथे मी जाणूनबुजून कधी गेले नाही.
कंटाळून हो म्हटलं. बोटांनीच नाव टाकलं, नानाफेटा,
मी विचार केला नव्हता.
मशीन म्हणालं:
या नावाची फाइल इथे आधीपासून आहे.
बदलायची का?

तोंडात शिवी आली, ती त्या पोरासाठी गिळली.
तीन वर्षं नाना तिथे बसून होते, स्वच्छ, ठिपक्यांशिवाय,
मी न बांधलेल्या खोलीत.

"आठेच शे ना मंग," अप्पा म्हणाला,
खळ ढवळत, मान वर न करता.

मी 'नाही' दाबलं.
पोरगा पडद्याकडे बघतच नव्हता.
म्हणाला, तो भोकवाला कागद मी लई जाऊ का?
"लई जाय," अप्पा म्हणाला, "पण परत आन.
तारवर तेनी जागा शे."